वस्तूंची घडण (लेखांक 12) : पिशवीचे बंद

पिशवी घेताना आपण कापड बघतो, रंग बघतो, आत किती मावेल याचा अंदाज घेतो. बंदांकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं. ती पिशवी रोज हातात येणार की दारामागच्या खिळ्याला टांगून राहणार, हे मात्र बंदच ठरवतात. गेल्या आठवड्यात आपण बरण्यांची झाकणं आणि त्यांचे आटे पाहिले. आज पिशवीच्या, बॅगेच्या, डब्याच्या त्या भागाकडे येऊ, जिथून सगळं वजन माणसाच्या हातात उतरतं.

खांदा कॉलनीत हा विषय कोणत्याही संध्याकाळी उघड्या डोळ्यांनी बघता येतो. माणसं खांदेश्वरला किंवा पनवेलला लोकलमधून उतरतात, वाटेत भाजी घेतात, बटाटे-कांदे घेतात, दूध घेतात आणि चालत घरी जातात. सिडकोच्या काळातल्या कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत प्रत्येक वळणावर पिशवी या हातातून त्या हातात जाते आणि दार उघडल्यावर आधी बोटं चोळली जातात. बोटांवर लाल वळ आणि वळाच्या मध्ये पांढरी रेघ. सामान सात-आठ किलोच असतं. धडधाकट माणसाला तेवढं वजन जड नाही. त्रास होतो तो वजन किती जागेवर उतरलं याचा.

हिशेब सोपा आहे. दहा किलोची पिशवी एका हातात धरली आणि बंद आवळून चार मिलिमीटरची दोरी झाली, तर चार बोटांखाली मिळून जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर जागा वजन पेलते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीन किलोंहून जास्त. तेच वजन तीन सेंटिमीटर जाडीच्या गोल मुठीवर आलं, तर जागा चोवीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. वजन तेच, हात तोच, दाब सात-आठ पटींनी कमी. बोटांच्या दोन्ही कडांनी रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणाऱ्या नसा जातात. दोरी त्यांना हाडावर दाबते, म्हणून बोट आधी पांढरं पडतं, मग बधिर होतं.

पट्टी रुंद केली की प्रश्न सुटला, असं मात्र नाही. मऊ रुंद पट्टी वजन आलं की मध्ये गोळा होते, घडी पडते आणि शेवटी दोरीच होते. बंदात थोडी ताठरता हवी. जुन्या शिवणकामात त्यासाठी बंद दुहेरी-तिहेरी दुमडून त्यावर लांबीभर चार टिपा मारत, किंवा आत बुक्रम घालत. नवारीचा बंद चांगला चालतो तो याच कारणानं : तिची वीणच घट्ट असते. आणि ज्यांनी घरी प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या विणल्या आहेत किंवा विणताना पाहिल्या आहेत, त्यांना आठवेल की त्या पिशवीचा बंद सपाट नसतो. तो गोल, भरीव, बोटाएवढा जाड गुंफलेला असतो. वापरून वापरून घडलेली ही रचना मला फार मोलाची वाटते.

माप किती असावं, यावर अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेनं नेमके आकडे दिले आहेत. चांगली मूठ 1.9 ते 3.8 सेंटिमीटर व्यासाची, निदान साडेअकरा सेंटिमीटर लांब, खाली बोटं जायला पाच सेंटिमीटर मोकळी जागा, आकार नळीसारखा, पृष्ठभाग गुळगुळीत पण न निसटणारा. याच संस्थेनं 1991 साली वजन उचलण्याचं आपलं सूत्र सुधारलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर 23 किलो ही त्यात वरची मर्यादा आहे. पकड वाईट असेल तर ती दहा टक्क्यांनी खाली आणावी लागते. मूठ नीट नसण्याची किंमत दोन किलोंहून जास्त, असा त्याचा अर्थ.

हे आकडे जसेच्या तसे उचलून मात्र चालणार नाही. आपल्याकडे बाजाराची पिशवी बहुतेक वेळा बाईच्या हातात असते आणि तिचा पंजा लहान असतो. भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 साली देबकुमार चक्रवर्ती यांच्या ग्रंथात प्रसिद्ध केली. वस्तू घडवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते पुस्तक असायला हवं. अशी मापं वापरण्याचा नियम मोठा सुंदर आहे : जिथे हात आत शिरायचा आहे तिथे सगळ्यात मोठा हात धरा, जिथे बोटांनी वेढा घालायचा आहे तिथे सगळ्यात लहान हात धरा. म्हणून मुठीची लांबी आणि खालची पोकळी पुरुषाच्या रुंद पंजाला पुरेल अशी, आणि जाडी बाईच्या बोटांना कवेत घेता येईल अशी. दोन ते अडीच सेंटिमीटर जाडी दोघांनाही चालते.

आता सांध्याकडे येऊ. पिशवी फाटते ती बहुतेक वेळा इथे. कापड मध्येच फाटलेली पिशवी क्वचित दिसते. बंद उपटून आलेल्या पिशव्या घरोघरी आहेत.

घाईत शिवलेल्या पिशवीत बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीत खुपसतात आणि दुमडीवरून जी एक टीप जाते, तिच्यातच बंद अडकवून टाकतात. वजन आलं की बंद वर ओढला जातो, कापड खाली आणि दोघे एकमेकांपासून सोलले जाऊ लागतात. सोलताना सगळा ताण काठावरच्या पहिल्या टाक्यावर येतो. तो तुटला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. टाके कितीही असोत, लढायला एका वेळी एकच असतो. याउलट बंदाचं टोक पिशवीच्या अंगावर पाच सेंटिमीटर खाली आणून सपाट बसवलं आणि तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारली, तर बंद आणि कापड एकमेकांवरून घसरू पाहतात. तेव्हा ताण चौकोनातल्या टाक्यांत वाटला जातो. तोच दोरा, तेच कापड, शिवायला मिनिटभर जास्त. आत आणखी एक चौकोनी ठिगळ लावलं तर ताण कापडाच्या मोठ्या भागावर पसरतो.

टाके जवळजवळ घातले की शिलाई पक्की होते, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. सुई दरवेळी कापडाला भोक पाडते. जाड कापडावर इंचाला पंधरा टाके घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड नेमकं त्या रांगेतून फाटतं. इंचाला सात-आठ टाके पुरे. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा धुण्यानं आणि उन्हानं कुजत जातो आणि पिशवी तर धुतलीच पाहिजे.

बंद कुठे बसवायचे, यालाही गणित आहे. एका बंदाचे दोन पाय सरळ खाली आले तर वजन दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पाय फाकले की ताण वाढतो. दोघांमधला कोन 120 अंशांचा झाला, तर प्रत्येक पायावर त्या बंदाच्या वाट्याच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. आखूड बंद आणि रुंद तोंड असलेली पिशवी लवकर का उसवते, ते यावरून कळावं. चाळीस सेंटिमीटर रुंद पिशवीत दोन पायांत पंधराएक सेंटिमीटर अंतर ठीक. शिवाय पिशवी जागच्या जागी तोलून धरण्याचा आणि चालत्या बसमध्ये हिसका बसण्याचा हिशेब वेगळा. लोंबणाऱ्या बंदावर वजन एकदम आलं तर सांध्यावर क्षणभर जवळजवळ दुप्पट ताण येतो. दहा किलो न्यायचे असतील तर सांधा निदान तीस किलोंना टिकेल असा हवा.

सगळ्यात चांगला सांधा म्हणजे सांधाच नसणं. शबनम पिशवी आठवून बघा. तिच्या नेहमीच्या रचनेत खांद्यावरचा पट्टाच दोन्ही कडांनी खाली उतरतो, पिशवीच्या बाजू होतो आणि तळाखालून जातो. सामान पट्ट्याच्या झोळीत बसतं आणि समोरचं-मागचं कापड फक्त ते सांडू देत नाही. खादीच्या साध्या शबनम वर्षानुवर्षं पुस्तकांचं ओझं वाहत आल्या, त्या या रचनेच्या बळावर. बाजाराच्या पिशवीतही हे सहज करता येतं : नवारीची एकच लांब पट्टी तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंना वर आणायची आणि तिचेच दोन बंद होऊ द्यायचे. पट्टी थोडी जास्त लागते, पण मग दहा किलो तांदूळ भरले तरी काळजी नाही.

पातळ प्लॅस्टिकच्या बनियन पिशवीनं जग जिंकलं त्याचंही हेच कारण. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी ती रचली आणि 1965 साली तिचं पेटंट अमेरिकेत नोंदलं गेलं. चपटी नळी, वर-खाली चिकटवलेली आणि वरून एक तुकडा कापून काढलेला. उरतात तेच कान. बंद वेगळे जोडायचेच नाहीत, म्हणून उपटायचा प्रश्न नाही. काही ग्रॅम वजनाची ती पिशवी स्वतःच्या हजारपट वजन पेलते. तिचे दोष दोन : कान गोळा होऊन बोटं कापतात, आणि टाकून दिल्यावर ती शेकडो वर्षं गटारांत आणि खाडीत राहते.

महाराष्ट्रानं 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर, कान असलेल्या आणि नसलेल्याही, बंदी घातली. तेव्हापासून कापडी पिशव्या वाटण्याची लाट आली. लग्नात, हळदीकुंकवाला, मंडळांत, दुकानांत, निवडणुकांत. मला तळमळीनं सांगायचं आहे ते इथे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानावरचा भार कमी ठरायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, असा हिशेब निघाला. कापूस पिकवायला पाणी, खत, वीज लागते, ती अशी फेडावी लागते. दहाव्या वेळी बंद निघालेली कापडी पिशवी म्हणजे निसर्गाचं नुकसानच. वर छापलेला पर्यावरणाचा संदेश ते भरून काढत नाही. बचत गटांच्या बायका या पिशव्या शिवतात. त्यांना नगामागे मिळणारे पैसे इतके थोडे असतात की चौकोन-फुलीसाठी लागणारा वेळ परवडत नाही. दोष शिवणारीचा नाही. ऑर्डर देणारा छपाईच्या रंगांवर खर्च करतो आणि बंदांवर वाचवतो.

चाकांच्या बॅगेबद्दल थोडक्यात. सूटकेसला चाकं लावण्याचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना 1972 साली मिळालं. उभी चालणारी, वर सरकत्या दांड्याची बॅग वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी 1987 साली आणली. दांडा ओढण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही. आता नवी मुंबईचा विमानतळ खांदा कॉलनीच्या जवळच आला आहे आणि बॅगा घेऊन लोकलनं येणाऱ्यांची संख्या वाढत जाणार. स्टेशनचा जिना चढताना बाहेर काढलेल्या दांड्याला धरून बॅग उचलणारे बरेच दिसतात. दांड्याच्या नळ्या वाकतात ते तेव्हा. उचलायला वरची आणि बाजूची, अशा दोन मुठी असतात. बॅग घेताना अस्तराची चेन उघडून आत बघा. मूठ नुसत्या दोन स्क्रूंवर असेल तर पातळ कवच तिथेच तडकेल. आतून धातूची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी असेल तर वजन पसरेल. नाशिकमध्ये अशा बॅगांचे मोठे कारखाने आहेत, आणि भरलेली बॅग मुठीला धरून पुन्हा पुन्हा हिसके देण्याची चाचणी या उद्योगात नेहमीची आहे. पिशवीसाठी असली चाचणी कोणी करत नाही. ती घरी करता येते : पिशवीत अपेक्षेपेक्षा दीडपट वजन भरा, बंद धरून दहा-बारा झटके द्या आणि शिलाईकडे बघा. टाक्यांची भोकं लांबट झाली असतील तर ती पिशवी फार काळ टिकणार नाही.

डब्याच्या कडीचा उल्लेख केल्याशिवाय हा लेखांक पुरा होणार नाही. मुंबईत 1890 पासून डबे पोचवले जात आहेत. पुड्यांच्या डब्याची कडी दोन कामं एकदम करते : वर ती मूठ असते आणि बाजूच्या दोन पट्ट्या पुड्यांना एकावर एक दाबून धरतात. डबा उचलला तरी झाकण सैल होत नाही. सायकलच्या हँडलला तो अडकवता येतो, लाकडी पाटीत गर्दीत उभा राहतो. सुरक्षित आणि सुखकर या दोन्ही गोष्टी एकाच तारेत बसवलेली इतकी चांगली वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

सोसायटीसाठी, मंडळासाठी, लग्नासाठी पिशव्या सांगणार असाल तर एवढं करा. शिवणाऱ्या ताईंना रंग आणि छपाई सांगण्याआधी बंद सांगा : नवारीचा, तीन सेंटिमीटर रुंद, हातात धरायचा तर पिशवी जमिनीला लागणार नाही इतका, खांद्याला लावायचा तर पंचवीस सेंटिमीटर खोल, शक्य तर तळाखालून फिरवलेला आणि नाही तर चौकोन-फुली मारलेला. त्यासाठी त्यांनी नगामागे चार रुपये जास्त मागितले तर घासाघीस करू नका, द्या. पुढच्या आठवड्यात दप्तराचे पट्टे आणि मुलांचे खांदे.