तालिकोटला नेमके काय बुडाले?

साम्राज्ये का उदयास येतात आणि का लयास जातात, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा एखाद्या रणांगणाचे नाव घेऊन दिले जाते. मराठी राज्याचा विषय निघाला की पानिपत आणि विजयनगरचा निघाला की तालिकोट. पानिपतानंतर दहा-अकरा वर्षांतच महादजी शिंद्यांनी दिल्ली ताब्यात घेऊन परागंदा झालेल्या शाहआलम बादशहास तख्तावर आणून बसविले, ही गोष्ट निदान आपल्या कानांवरून गेलेली असते. विजयनगरच्या बाबतीत मात्र जुन्या समजुती अद्याप घट्ट आहेत, म्हणून त्यांचीच थोडी झडती घेणे इष्ट.

स्थळाचा घोळ लहान आहे, तो आधी उरकू. दक्षिणी सुलतानांच्या फौजा तालिकोटपाशी जमल्या हे खरे. पण ते गाव कृष्णेच्या उत्तरेस, आणि २३ जानेवारी १५६५ रोजी प्रत्यक्ष झुंज झाली ती नदी ओलांडल्यानंतर, दक्षिणेच्या बाजूस. राक्षसतंगडी हे या लढाईचे दुसरे नाव रक्कसगी आणि तंगडगी या गावांवरून पडले.

अधिक रुजलेला समज असा, की हे दोन धर्मांचे युद्ध होते आणि इस्लामी सत्ता धर्मासाठी एकवटल्या. विजयाचे वर्णन त्या भाषेत झाले, यात शंका नाही. फिरिश्त्यासारख्या बखरकाराने चाळीसेक वर्षांनंतर विजापूरच्या आश्रयास राहून ते तसेच केले. परंतु लढाईपूर्वीच्या वीस वर्षांतील तह आणि करार पाहावेत. रामराय, म्हणजे सदाशिवराय राजास नावापुरते गादीवर ठेवून स्वतः कारभार हाकणारा हा सत्ताधीश, तरुणपणी कुत्बशाहीच्या चाकरीत होता. गोवळकोंड्याचा इब्राहीम कुत्बशहा गादीवर येण्यापूर्वी सात वर्षे विजयनगरच्याच आश्रयास राहिला होता. रामरायाने कधी अहमदनगरशी हातमिळवणी करून विजापूरवर स्वारी केली, तर कधी विजापूरला बरोबर घेऊन निजामशाही मुलूख लुटला. फिरिश्ता सांगतो तो प्रसंग तर मोठा मासलेवाईक आहे. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली आदिलशहा अवघे शंभरेक स्वार घेऊन समाचारासाठी विजयनगरास गेला. रामरायाच्या पत्नीने त्यास पुत्र मानले. आणि इतके होऊनही निरोपाच्या वेळी रामराय वेशीपर्यंत पोचवावयास आला नाही, हा सल सुलतानाच्या मनात राहिला तो राहिलाच.

तेव्हा हे सुलतान एकत्र आले ते का? रामराय एकास दुसऱ्याविरुद्ध उभा करीत असता प्रत्येक तहात कोणाचा ना कोणाचा किल्ला आपल्या पदरात पाडून घेत होता, आणि अखेर दक्षिणेतील सत्तांचा तोल असा बिघडला, की परस्परांच्या वैरापेक्षा त्यांना त्याचेच भय अधिक वाटू लागले. एकीची किंमतही रोखीत मोजली गेली: हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी विजापुरास दिली, आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही शाह्यांनी वर्षानुवर्षे रक्त सांडले होते तो तिच्याबरोबर आंदण गेला. वऱ्हाडचा इमादशहा या मोहिमेत सामीलच झाला नाही. लढाईनंतर पाच महिने उलटतात तोच हुसेन मरण पावला, आणि पाच वर्षांच्या आत विजापूर व अहमदनगर धारूरच्या किल्ल्यापाशी पुन्हा हातघाईवर आले. धर्मासाठी एकवटलेल्यांची एकी एवढ्या अल्पकाळात विरावी, हे मला तरी पटत नाही.

तिसरा समज फितुरीचा. १५६७ साली विजयनगरात सात महिने काढणाऱ्या सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले, की रामरायाच्या दोन मुसलमान सरदारांनी ऐन लढाईत दगा दिला. दोन वर्षांनी कानी आलेली ही हकीकत साफ खोटी म्हणता येत नाही. पण फिरिश्त्याच्या वृत्तांतात निर्णायक ठरतो तो निजामशाही तोफखाना. चलबी रूमीखानाने तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या ठासल्या आणि शत्रू अगदी अंगावर येईपर्यंत दम धरून बार काढले, असे तो लिहितो. हे कसब अहमदनगरास मुरलेले होते. विजापूरच्या बुरुजावर आज पहुडलेली पंचावन्न टनांची ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ साली अहमदनगरातच ओतली गेली, आणि तिच्या मुखावर कोरलेला, हत्ती गिळणारा सिंह पाहिला म्हणजे ओतारी मंडळींचा आत्मविश्वास ध्यानात येतो. उलट बाजूस ऐंशीच्या घरातील रामराय पालखीत बसून फौज चालवीत होता. तो पकडला गेला, जागीच मारला गेला, आणि सैन्याची फळी फुटली.

आणि त्या दिवशी साम्राज्य संपले, हा सर्वांत मोठा गैरसमज. संपली ती राजधानी. फ्रेडरिकला घरे उभी दिसली, पण ओस पडलेली. रामरायाचा भाऊ तिरुमल याने बसवलेली गादी पेनुकोंडा व पुढे चंद्रगिरी येथून चालू राहिली, आणि दुसऱ्या वेंकटाच्या अमलात, १५८६ ते १६१४ पर्यंत, तिने गेलेला पुष्कळसा दरारा परत मिळविला. त्यापूर्वीही घराणी बदलली होती. संगम गेले, साळुव आले, साळुव गेले, तुळुव आले, आणि प्रत्येक वेळी राजवाड्यात रक्तपात होऊनही राज्य तगले. राजवंशाचा अस्त तोच साम्राज्याचा अस्त, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

मग खरी कीड कोठे होती? माझ्या मते ती वसुलाच्या व्यवस्थेत होती, आणि गंमत अशी, की त्याच व्यवस्थेने हे राज्य मोठे केले होते. १३३६ च्या सुमारास तुंगभद्रेच्या काठी उभे राहिलेले हे राज्य कन्याकुमारीच्या दिशेने पसरत गेले, तेव्हा जिंकलेला मुलूख पगारी अंमलदारांकरवी चालविणे कोणासही शक्य नव्हते. म्हणून तो नायकांना नेमून दिला गेला. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखक नुनिझ सांगतो, की असे दोनशेहून अधिक नायक होते. त्यांच्या जमिनींचा वसूल एकशेवीस लाख सोन्याचे परदाव, पैकी साठ लाख राजाच्या खजिन्यात भरावयाचे आणि उरलेल्यात स्वार, प्यादे व हत्ती पोसावयाचे. खर्चाविना सैन्य आणि त्रासाविना वसूल! पण याचा अर्थ असाही होता, की फौजेचा पगार राजाच्या हातून न मिळता नायकाच्या हातून मिळे, आणि शिपायाचे इमान पगाराच्या वाटेने जाते. कृष्णदेवरायासारखा राजा स्वतः मोहिमेवर निघे तोवर साठ लाखांचा भरणा होई. रामरायाने जुन्या अधिकाऱ्यांच्या जागी आपले भाऊबंद बसविले, तेव्हा तो भरणा राज्याचा न राहता एका कुटुंबाशी असलेल्या संबंधाचा झाला. आणि ते कुटुंब रणांगणात मोडताच दूरच्या नायकांना एवढेच उमगले, की भरणा केला नाही तरी विचारावयास कोणी येत नाही. आपल्याकडील सरंजामाची कथा याहून फार निराळी नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांनी राज्य वाढविले तेही असेच, आणि पुण्याचे हुकूम पुढे जुमानले गेले नाहीत तेही असेच.

हे एका दिवसात घडले नाही. १६१० साली म्हैसूरच्या राजा वोडेयराने विजयनगरच्या सुभेदाराकडून श्रीरंगपट्टण घेतले आणि वेंकटरायाने ते मुकाट्याने मान्य केले. १६१४ मध्ये तो वारला तेव्हा वारसाच्या झगड्यात मदुरा आणि जिंजीचे नायक एका बाजूस, तंजावरचा नायक दुसऱ्या बाजूस उभे राहिले. राजा कोण व्हावा हे आता नायक ठरवीत होते. पुढे विजापूरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या, त्यांत रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे होते, आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकास ठार करून त्याचे राज्य घेतले. हे दोघेही एकाच गादीचे जुने चाकर. परंतु तंजावरच्या वारसाने दाद मागितली ती विजयनगरच्या वंशजांकडे नव्हे, विजापूरच्या आदिलशहाकडे. शहाने त्यास गादीवर बसविण्याकरिता शहाजीपुत्र एकोजीराजांना पाठविले. त्यांनी मदुरेकरांस हाकलले, आणि १६७५ च्या सुमारास ते स्वतःच तंजावरच्या गादीवर बसले.