जठराची नळी, छातीत

यवतमाळच्या पानठेल्यांवर घोटला जाणारा खर्रा, बिडी आणि दारू. तंबाखू व मद्य ही अन्ननलिकेच्या कर्करोगाची मोठी कारणे. भारतात ‘स्क्वॅमस’ प्रकार सर्वाधिक आढळतो.

भाकरीचा घास छातीत अडकू लागला, की एंडोस्कोपी करून तुकडा तपासतात. शस्त्रक्रियेत रोगट भाग लसिकाग्रंथींसह काढतात, जठराची अरुंद नळी शिवून वर ओढतात आणि छातीत किंवा मानेत जोडतात. अनेकांना आधी केमोथेरपी, कधी रेडिएशनही लागते.

1913 मध्ये अन्ननलिकेचा कर्करोग काढणारे न्यूयॉर्कचे सर्जन फ्रान्झ टोरेक यांच्याकडे जठर वर ओढून जोडण्याची ही सोय नव्हती. त्यांची रुग्ण 12 वर्षांहून अधिक काळ शरीराबाहेरच्या रबरी नळीतून जेवली.

आता रुग्णाला पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते. झोपताना उसे उंच.