मनातली धास्ती आणि गावातली मुलं

पिंपळवंडी हे पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधलं बागायती गाव. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याही मुक्कामाला राहिला. जुन्नर-आंबेगावातल्या मुलांना अंधार पडायच्या आत घरी येण्याची सवय लहानपणापासून लागते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे जीव गेले. त्यात दोन मुलं होती. संतापलेल्या लोकांनी मंचरजवळ महामार्ग रोखला. पिंजरे लावा, शेतीला दिवसा वीज द्या, या मागण्या रास्तच आहेत. पण त्या दिवसांत रात्र रात्र जागी राहिलेल्या मुलांच्या मनाचं काय, हा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. तो गावासमोर मांडण्याचं काम शाळा-कॉलेजातली मुलं चांगलं करू शकतात. ते कसं करावं, यासाठी हा लेख.

भीती कुठे संपते, चिंता कुठे सुरू होते

समोर धोका असताना वाटते ती भीती. ती आपल्याला वाचवते. संध्याकाळी उसाच्या कडेनं एकट्यानं न जाणं हा शहाणपणा आहे. चिंता मात्र धोका समोर नसतानाही मनात घर करते. भर दिवसा, चार मैत्रिणींसोबत शाळेत जातानाही एखाद्या मुलीचे पाय लटपटत असतील, रोज सकाळी पोट दुखत असेल, झोप उडाली असेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर तिला मदतीची गरज आहे.

फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. त्रास किती दिवस टिकला आहे? कारणाच्या मानानं तो फार मोठा आहे का? त्यामुळे झोप, जेवण, अभ्यास, खेळ यांत अडथळा येतोय का?

शरीरात काय होतं

धोक्याची चाहूल लागली की मेंदू शरीराला पळायला किंवा झुंजायला तयार करतो. अॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, श्वास भरभर होतो, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. चिंतेच्या विकारात हीच यंत्रणा विनाकारण आणि वारंवार सुरू होते. म्हणून ‘मुलगा नाटक करतोय’ असं म्हणणं चूक आहे. त्याचं पोट खरंच दुखत असतं.

चिंता वाढते ती टाळण्यातून. वर्गात उत्तर द्यायची धास्ती वाटली म्हणून मूल घरी राहतं आणि त्या दिवसापुरतं त्याला हलकं वाटतं. पण ‘गेलो नाही म्हणून वाचलो’ असं मन शिकतं आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. उपाय उलट्या दिशेनं जातो: सोबत घेऊन, छोट्या पायऱ्यांनी त्या गोष्टीला सामोरं जायचं. जीव घाबरा झाला तर श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. लांब उच्छ्वासानं धडधड उतरायला मदत होते.

हा प्रश्न किती मोठा आहे

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं. साठ मुलांचा वर्ग धरला, तर सरासरी चार मुलं. त्याच सर्वेक्षणानुसार विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

एनसीईआरटीनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. आपल्याकडे त्यात घरच्या ताणाची भर पडते. कांद्या-टोमॅटोचा बाजार पडला की घरातलं बोलणं तुटक होतं, कॉलेजच्या फीचा विषय टाळला जातो. मुलांना हे सगळं कळत असतं. फक्त त्यावर कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

विद्यार्थ्यांनीच का पुढे यावं

मुलं आपलं दुखणं आधी मित्राला सांगतात, हे एक कारण. दुसरं कारण अनुभवाचं आहे. डॉक्टर नसलेली, पण नीट शिकलेली माणसं या कामात मोठा फरक घडवू शकतात.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये ‘सेहर’ हा प्रयोग केला. भित्तिपत्रक, मुलांचे गट, मनातलं लिहून टाकायची पेटी असे साधे उपक्रम होते. ते प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी चालवले तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. हेच काम शिक्षकांवर सोपवलं तिथे तसा फरक दिसला नाही. म्हणजे आधीच कामानं वाकलेल्या शिक्षकांच्या अंगावर आणखी एक जबाबदारी टाकून भागत नाही. त्यासाठी वेळ देणारी, ऐकून घेणारी माणसं लागतात.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ उपक्रमानं हेच गावपातळीवर केलं. गावातल्याच स्त्री-पुरुषांना दुःखी, खचलेल्या माणसाला ओळखायला, त्याचं ऐकायला आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत न्यायला शिकवलं गेलं. जगात पाहिलं, तर झिंबाब्वेत २००६ पासून प्रशिक्षित आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचं मन ऐकतात.

काम कसं सुरू करावं

१. आधी स्वतः शिका. दहा-पंधरा जणांचा गट करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला बोलवून लक्षणं, ऐकण्याची पद्धत आणि आपल्या मर्यादा समजून घ्या. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतंच. त्यातला एक दिवस या विषयाला द्या.

२. गावच्या भाषेत बोला. ‘मन लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘जीव घाबरा होतो’ असं म्हटलं की आजीलाही कळतं.

३. या भागाची कला वापरा. नारायणगाव तमाशाची पंढरी आहे, विठाबाईंचं गाव आहे. धास्तावलेला पोरगा आणि त्याला समजून घेणारी बहीण यांचा सवाल-जवाब पारावर रंगला, तर भाषणापेक्षा लोक जास्त ऐकतील. विज्ञानाची आवड असलेल्यांनी खोडदच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात विज्ञान दिनाला भरणाऱ्या प्रदर्शनासाठी ‘चिंता आणि शरीर’ हा प्रकल्प करावा.

४. शाळेत पेटी ठेवा. तिला कुलूप हवं. ती कुणी आणि कधी उघडायची हे आधी ठरवा. चिठ्ठीतलं नाव बाहेर जाणार नाही ही हमी पाळा. एकदा विश्वास गेला की पेटी रिकामीच राहील.

५. पालकांना त्यांच्या वेळेला गाठा. शेतातली कामं आणि धारा उरकल्यावर, बचत गटाच्या बैठकीत किंवा सप्ताहाच्या मंडपात पंधरा मिनिटं मागून घ्या.

६. सोबत जाण्याचे गट करा. वस्तीवरच्या मुलांनी एकत्र शाळेत येणं-जाणं हे बिबट्यापासून संरक्षण आहेच, मनालाही आधार आहे.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन सुरुवातीला चांगला. दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वी, जानेवारीत, पुन्हा एक फेरी करावी.

काय टाळावं

कुणाला ‘तुला अमुक आजार आहे’ असं सांगू नका. औषध सुचवू नका. ‘एवढं काय त्यात’, ‘घट्ट हो’ असे सल्ले देऊ नका. अंगारे-धुपारे करणाऱ्या घराची टिंगल करू नका. ‘देवाचं करा, सोबत डॉक्टरांनाही दाखवू’ एवढं म्हणा. त्या घराचं दार उघडं राहणं महत्त्वाचं आहे.

एक गुपित मात्र गुपित ठेवायचं नाही. मित्र जगण्याला कंटाळल्याचं बोलला, तर त्याला सरळ आणि मायेनं विचारा, ‘स्वतःला संपवावंसं वाटतंय का?’ विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.

मदत कुठे मिळते

‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारलं, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांपर्यंत पोचता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी सेवेतून मनाचे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. त्यासाठी कुणाचे उपकार मानायला नकोत.

हे क्रमांक शाळेच्या फळ्यावर, एसटीच्या थांब्यावर, दूध डेअरीत आणि ग्रामपंचायतीत मोठ्या अक्षरांत लिहा. विद्यार्थ्यांनी उपचार करायचे नाहीत. त्रासलेलं मूल आणि मदत यांच्यामध्ये आज जे अंतर आहे, ते कमी करायचं आहे. दहा मुलांच्या गटाला हे झेपण्यासारखं आहे आणि गावानं त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं.