नक्षीला नाव असते

कपड्याला दुकानाचे नाव मिळते, बेतणाऱ्याचे मिळते. नक्षी काढणाऱ्याचे सहसा मिळत नाही. बँकेत असताना कापड छपाईच्या कारखान्यांची स्टॉक स्टेटमेंटे मी वर्षानुवर्षे तपासली. कोरे कापड, रंग, रसायने, तयार माल, सगळ्यांना रकाने होते. ज्या चित्रामुळे त्या मालाला भाव यायचा, त्याला मात्र रकाना नव्हता.

म्हणूनच सीलिया बर्टवेल या इंग्लिश चित्रकर्तीची गोष्ट मला जवळची वाटते. १९६०च्या दशकात लंडनच्या चेल्सी भागातल्या ‘कोरम’ या दुकानासाठी ऑसी क्लार्क कपडे बेतत असे आणि त्या कापडावरची नक्षी सीलिया काढत असे. १९६९ मध्ये दोघांनी लग्न केले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कागदावरचे फूल चौकटीत सुखाने राहते. कापडावर तेच फूल ठरावीक अंतराने पुन्हा येते आणि सांधा कुठे दिसून चालत नाही. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. रंग वाढला की खर्च वाढला. त्यातून शिफॉन पडला चंचल. चुणी पडली की फूल मिटते, घेर फिरला की उमलते. सीलिया हे सारे अंगावरच्या कपड्याचा विचार करून योजत असे. ऑसीची कात्री कितीही कुशल असली तरी या नक्षीवाचून ते कपडे अपुरेच राहिले असते.

डेव्हिड हॉकनीने १९७०-७१ मध्ये या जोडप्याचे चित्र रंगवले. लंडनच्या टेट संग्रहातल्या त्या चित्राचे नाव आहे ‘मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी’. पर्सी म्हणजे मांजर! शीर्षकात मांजराला नाव मिळाले, सीलियाला नवऱ्याचे. हॉकनी तिचा जिवलग मित्र. त्याच्या मनात खोट नव्हती. रीतच तशी होती.

१९७४ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. १९८४ मध्ये सीलियाने लंडनमध्ये गृहसजावटीच्या कापडांचे स्वतःचे दुकान काढले. २००६ मध्ये ‘टॉपशॉप’ने तिच्या नक्षीचे कपडे विक्रीला आणले, तेही तिच्याच नावाने. तोवर तिने साठी ओलांडली होती.

नक्षीचा मोबदला पुष्कळदा एकदाच दिला जातो. ती छापली मात्र हजारो मीटरवर जाते. आपणही साडी घेताना पोत पाहतो, काठ पाहतो, भावात घासाघीस करतो. ही फुले कोणाच्या हातची, हे विचारायला पैसे पडत नाहीत. विचारणारे वाढले, तर दुकानदाराला उत्तर शोधून ठेवावे लागेल.