टायरचा जन्मदाखला

ईदला रत्नागिरीला बहिणीकडे निघालो होतो. मलकापूरजवळ टायर पंक्चर झाला. स्टेपनी काढली, गाडीबरोबर आलेली, कधीच न वापरलेली. पंक्चरवाल्या पोराने तिच्या कडेवरचे आकडे दाखवले : ३२१२. म्हणजे २०१२ सालचा बत्तिसावा आठवडा. "चाचा, आंबा घाटात ही नको!"

मंडळी, रबर न धावताही म्हातारं होतं. ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेनं ते कडक होतं, त्याला भेगा पडतात. म्हणून नवा टायर घेताना शेवटचे चार आकडे वाचावेत. सावलीत ठेवलेला, काही महिन्यांपूर्वीचा टायर खुशाल घ्यावा. पाच वर्षांनंतर मात्र दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदलावा. स्टेपनीसुद्धा!

त्या दिवशी पंक्चर काढून पहिलाच टायर चढवला आणि घाट उतरलो.