ब्राउझरचा अंदाज आणि सर्व्हरचा शब्द

सर्व्हर एखादी फाइल ब्राउझरकडे पाठवितो, तेव्हा ती साधा मजकूर आहे, चित्र आहे की वेबपान आहे, हे सांगणारी एक ओळ तो तिच्या आधी जोडतो. ही ओळ म्हणजे पार्सलावर डकविलेली चिठ्ठीच होय. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीनुसार, अशी चिठ्ठी मुळीच नसेल तरच ब्राउझरने आतील मजकूर पाहून प्रकाराचा अंदाज बांधावयाचा होता.

व्यवहारात तसे घडले नाही. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर फाइलीचे पहिले २५६ बाइट तपासून पाही आणि कित्येकदा चिठ्ठीपेक्षा स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवी. याचा सारा दोष मात्र ब्राउझरला देता येणार नाही. अपाची हा लोकप्रिय सर्व्हर त्या काळी, प्रकार न ओळखलेल्या फाइलींवर सरसकट ‘साधा मजकूर’ अशी चिठ्ठी लावीत असे. चिठ्ठ्याच चुकीच्या, म्हणून ब्राउझर पार्सल उघडून पाहू लागले.

यातून एक गंभीर धोका उद्भवला. समजा, एखाद्या संकेतस्थळावर कोणालाही आपली टिपणे चढविता येतात. कोणी दुष्ट हेतूने टिपणाच्या आरंभी वेबपानाच्या खुणा व एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला. सर्व्हर त्यास साधा मजकूर म्हणतो. ब्राउझर मात्र त्यास वेबपान समजून तो प्रोग्रॅम चालवितो. हा प्रोग्रॅम त्या संकेतस्थळाचाच मानला जात असल्यामुळे, तेथे लॉग-इन केलेल्या वाचकाच्या नावाने तो हवे ते करू शकतो.

लोकांच्या संगणकांतील ब्राउझर बदलणे सर्व्हर-व्यवस्थापकाच्या हाती नसते. तो फक्त सूचना देऊ शकतो. २००९ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने अशा सूचनेची सोय केली. ‘एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स’ या हेडरमध्ये ‘नोस्निफ’ हा शब्द पाठविला, की ब्राउझर अंदाज बांधणे थांबवितो. क्रोम व फायरफॉक्स यांनीही पुढे ती मान्य केली.

परंतु ही सूचना देण्यापूर्वी व्यवस्थापकाने आपल्या चिठ्ठ्या तपासल्या पाहिजेत. पानाची सजावट ठरविणाऱ्या फाइलीवर ‘साधा मजकूर’ असे लिहिलेले असेल, तर आज्ञाधारक ब्राउझर ती नाकारील आणि पान विस्कटलेले दिसेल. शिवाय परक्यांनी चढविलेल्या फाइली वेगळ्या डोमेनवर ठेवणे अधिक सुरक्षित ठरते. कारण तेथे प्रोग्रॅम चालला, तरी मूळ संकेतस्थळाचे अधिकार त्याला मिळत नाहीत. आपला शब्द ब्राउझरने प्रमाण मानावा असे वाटत असेल, तर सर्व्हरने प्रथम तो खरा ठेवला पाहिजे.