पानामागचा कारभार

रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, विद्यापीठाचा प्रवेशअर्ज ही सारी वेब-ॲप्लिकेशने होत. म्हणजे ती ब्राउझरमध्ये उघडतात, पण नुसती वाचण्यासाठी नसतात, तर माहिती घेतात, साठवतात आणि प्रत्येकाला त्याच्यापुरते वेगळे उत्तर देतात. त्यांचा जो भाग वापरणाऱ्याच्या मोबाइलवर चालतो तो डोळ्यांना दिसतो. जो भाग सर्व्हर या दूरच्या संगणकावर चालतो तो दिसत नाही, आणि तो शिकताना नवशिक्यांची खरी दमछाक होते. याचे कारण भाषेची अवघडता नव्हे. पीएचपी, पायथन, जावा किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेतील लूप, फंक्शन आणि ॲरे सरावाने हाती बसतात. परंतु सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ज्या परिस्थितीत चालतो ती परिस्थितीच घरच्या संगणकावरील प्रोग्रॅमपेक्षा निराळी असते. त्याला मागचे काही आठवत नाही, समोर कोण आहे हे दिसत नाही, आणि एकाच क्षणी अनेकांना उत्तरे द्यावी लागतात. शिकायचे ते मुख्यतः हे, आणि पुष्कळ अभ्यासक्रमांत नेमके हेच शेवटच्या प्रकरणावर ढकललेले असते.

या परिस्थितीचे मूळ एचटीटीपी या संवादाच्या नियमावलीत आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेबची जी मांडणी केली, तिच्यात ब्राउझरने विनंती पाठवायची, सर्व्हरने उत्तर द्यायचे आणि तेवढ्यावर व्यवहार संपवायचा, इतकीच अपेक्षा होती. एचटीटीपीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांत विनंती हा साधा वाचता येण्याजोगा मजकूर असतो: पहिल्या ओळीत विनंतीचा प्रकार आणि पत्ता, त्याखाली हेडर म्हणजे जोडमाहितीच्या ओळी, मग एक रिकामी ओळ आणि गरज असल्यास फॉर्ममध्ये भरलेला मजकूर. उत्तराच्या आरंभी तीन अंकी क्रमांक येतो. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅमच कोलमडला. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबून नेटवर्क हा विभाग उघडला की हा सगळा पत्रव्यवहार समोर दिसतो, आणि शिकणाऱ्याने पहिले काही दिवस तो नुसता वाचण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत.

विनंतीचे दोन प्रकार आधी ओळखावेत: गेट आणि पोस्ट. गेट म्हणजे नुसते दाखवा. पोस्ट म्हणजे दिलेल्या माहितीवर काही कारवाई करा. गेटने सर्व्हरवरील माहितीत फेरफार करू नये हा नियम नवशिक्यांना औपचारिक वाटतो, पण तो मोडल्याचे परिणाम २००५ साली दिसून आले. गूगलच्या वेब ॲक्सिलरेटर नावाच्या साधनाने पाने लवकर उघडावीत म्हणून त्यांवरील दुवे आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली, आणि ज्या वेब-ॲप्लिकेशनांत ‘काढून टाका’ हाही साधा गेट-दुवा होता, तेथील माहिती कोणी बोट न लावता पुसली जाऊ लागली. साधनाचे चुकले असे तेव्हा अनेकांनी म्हटले. परंतु नियमावलीच्या दृष्टीने मूळ दोष दुवे लिहिणाऱ्यांचा होता.

सुरुवातीचे सर्व्हर तयार फायली तेवढ्या पाठवीत. विनंती आल्यावर एखादा प्रोग्रॅम चालवून त्याने छापलेला मजकूर उत्तर म्हणून पाठवण्याची सीजीआय ही पद्धत १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात ठरली. पुढच्याच वर्षी रासमुस लेर्डॉर्फ यांनी आपला ऑनलाइन जीवनवृत्तान्त कोण पाहते याची नोंद ठेवण्यासाठी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले, १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले, आणि त्यांतूनच पीएचपी ही भाषा वाढली. सीजीआय आज क्वचितच वापरात असली तरी अभ्यासासाठी तिचे मोल उतरलेले नाही, कारण विनंती आत, मजकूर बाहेर, प्रोग्रॅम समाप्त, हा सर्व्हर-प्रोग्रॅमिंगचा गाभा तिच्याइतका उघडा दुसरीकडे कुठे दिसत नाही.

प्रोग्रॅम समाप्त झाला की त्याला वाचक आठवत नाही. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचे वेब-ॲप्लिकेशन कल्पिले, तर सभासदाने एका पानावर आपले नाव आणि पासवर्ड देऊन दुसऱ्या पानावर पुस्तकाची मागणी नोंदवली की सर्व्हरच्या दृष्टीने या दोन परस्परांशी संबंध नसलेल्या विनंत्या असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ साली कुकी योजली. देवळाबाहेरच्या चपला ठेवण्याच्या जागी मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ती चालते: बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो, चपला मांडणीत असतात, आणि क्रमांक दाखवला की मांडणीतला नेमका कप्पा शोधला जातो. सर्व्हर आपल्याकडे सभासदाची नोंद ठेवतो, जिला सेशन म्हणतात, आणि तिचा क्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरकडे देतो. ब्राउझर तो पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवतो. फरक एवढाच, की हा क्रमांक एकामागून एक न देता इतका लांब आणि यादृच्छिक ठेवावा लागतो, की दुसऱ्याचा क्रमांक अंदाजाने पाठवून त्याच्या खात्यात शिरणे कोणालाही शक्य होऊ नये.

येथून अविश्वासाचा विषय सुरू होतो. ब्राउझरमधील फॉर्मवर ‘हा रकाना भरणे आवश्यक’ किंवा ‘फक्त अंक चालतील’ अशी बंधने घालता येतात. पण ती वापरणाऱ्याच्या सोयीपुरती असतात. विनंती हा मजकूरच असल्यामुळे फॉर्म न उघडताही ती कोणी हवी तशी रचून पाठवू शकतो, म्हणून प्रत्येक तपासणी सर्व्हरवर नव्याने करावी लागते. वाचनालयाच्या लेखक-शोधाचेच पाहावे. डेटाबेस म्हणजे कोष्टकांच्या रूपात माहिती साठवणारी प्रणाली, आणि तिला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. नवशिका प्रोग्रॅमर प्रश्नाचे वाक्य तयार करताना वाचकाने टाइप केलेला मजकूर दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये जसाच्या तसा चिकटवतो, आणि कुलकर्णी, पवार, कांबळे या नावांवर ते बिनबोभाट चालते. मग गोव्यातील एखादा वाचक डि'सोझा हे आडनाव त्यातील चिन्हासह लिहितो. ते चिन्ह डेटाबेसला वाक्यातील मजकूर संपल्याची खूण वाटते, उरलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचली जातात आणि पडद्यावर ५०० झळकते. या निरागस आडनावाने जे बिघडते तेच हेतुपुरस्सर बिघडवणे म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन: चिन्हापुढे नावाऐवजी नेहमी खरी ठरणारी अट लिहिली की सगळे कोष्टक हाती येऊ शकते. या हल्ल्याचे वर्णन १९९८ सालीच प्रसिद्ध झाले होते, तरीही २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड याच मार्गाने चोरीस गेले, आणि ते जसेच्या तसे साठवलेले असल्यामुळे चोरांना उलगडण्याचेही श्रम पडले नाहीत.

दोन्ही दोषांवरचे उपाय शिकायला अवघड नाहीत. पहिल्यावर प्रश्नाचा साचा आणि वाचकाचा मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवावेत, म्हणजे मजकूर कधीही आज्ञा म्हणून वाचला जात नाही. दुसऱ्यावर पासवर्ड न साठवता त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही असे गणिती रूप, साठवावा, आणि तेही १९९९ साली मांडल्या गेलेल्या बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतीने, जेणेकरून चोराला कोट्यवधी अंदाज तपासून पाहणे परवडू नये.

एकाच क्षणी अनेक जण, ही अडचण मात्र घरी शिकताना दिसतच नाही, कारण शिकणारा एकटाच बटणे दाबत असतो. वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत उरली असता दोन सभासदांनी एकाच वेळी मागणी नोंदवली, तर दोन्ही विनंत्या आधी शिल्लक विचारतात, दोघींना एक हे उत्तर मिळते, आणि दोन्ही सभासदांना ‘नोंदणी झाली’ असा निरोप जातो. ‘शिल्लक शून्याहून अधिक असेल तरच एकने कमी कर’ ही अट आणि कृती डेटाबेसला एकाच आज्ञेत दिली, किंवा संबंधित आज्ञा ट्रान्झॅक्शन म्हणजे पूर्ण होतील तर सगळ्या, नाहीतर एकही नाही अशा व्यवहारात बांधून त्या ओळीला तेवढ्यापुरते कुलूप लावले, तर हा घोळ टळतो. रेल्वेचे तात्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते, तेव्हा सर्व्हरपुढे हाच प्रश्न प्रचंड प्रमाणावर उभा असतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशीची गर्दी वरवर तशीच वाटते, पण ती मुळात सोपी आहे: जाहीर झालेला निकाल क्षणोक्षणी बदलत नाही, त्यामुळे उत्तरे आधी तयार ठेवून ती अनेक सर्व्हरांवरून वाटता येतात, आसने मात्र दर क्षणाला कमी होत असतात आणि त्यांचा हिशेब अखेर एकाच ठिकाणी जुळवावा लागतो. गर्दी वाचणाऱ्यांची आहे की लिहिणाऱ्यांची, हे ओळखता येणे हा या विद्येतील जाणतेपणाचा एक कस म्हणता येईल.

मराठीसाठी काम करणाऱ्याला आणखी एक प्रकरण अभ्यासावे लागते, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके ते सहसा शिकवीत नाहीत. युनिकोड या जागतिक संकेतावलीतील अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी अक्षराला तीन. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये यूटीएफ-८ या नावाने जी जुनी सोय होती ती जास्तीत जास्त तीनच बाइटांची असल्यामुळे देवनागरी तीत बसे. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या अक्षरांना चार बाइट लागतात, म्हणून मोडी कागदपत्रांची सूची करू पाहणाऱ्या वाचनालयाला २०१० मध्ये उपलब्ध झालेली चार बाइटांची सोयच निवडावी लागते. याहून फसवी गोष्ट शोधाची. ‘कऱ्हाड’ या गावनावातील अर्धा र काही कळफलक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून लिहितात, तर काही साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चीही तीच कथा, कारण तो एका अक्षराने किंवा अ आणि चंद्र अशा दोहोंनी लिहिला जातो. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकाच ठरावीक रूपात आणली नाहीत, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळत राहते.

यांतील बराचसा भार फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडे उचलतात. पायथनमधील जँगो हा अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत घडला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. बातमीच्या घाईत पाने उभी करण्याच्या गरजेतून आल्यामुळे सेशन, फॉर्मची तपासणी आणि डेटाबेसशी सुरक्षित बोलणे त्यात तयारच मिळते. रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलेल्या नोड-जेएसमुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सर्रास चालू लागली, आणि एकाच भाषेत दोन्ही बाजू लिहिण्याची सोय झाली; या सोयीमुळे आपण लिहिलेली ओळ कुठे चालणार आहे, वाचकाच्या ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर, याचे भान मात्र नवशिक्याला अधिक कसोशीने राखावे लागते. कोणती भाषा निवडावी या वादात विद्यार्थी महिनोन् महिने घालवतात, ते निष्फळ होय. एक लहान ॲप्लिकेशन आधी फ्रेमवर्कशिवाय लिहावे, त्याच्या उणिवा भोगाव्यात आणि मग तेच फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहावे. असे केल्याने तयार सोय नेमके काय करते ते कळते आणि ती बिघडली तर कुठे पाहायचे हेही कळते.

यानंतर ते ॲप्लिकेशन स्वतःच्या संगणकावरून उचलून इंटरनेटवरील खऱ्या सर्व्हरवर ठेवावे; तेथे बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते, म्हणून त्यातील मोजक्या आज्ञा आधी शिकाव्यात. डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या फायलीत न लिहिता सर्व्हरच्या मांडणीत वेगळा ठेवावा, कारण फायली गिटहबसारख्या सामायिक कोठारात गेल्या की तोही जगजाहीर होऊ शकतो. सर्व्हर प्रत्येक विनंतीची जी नोंदवही ठेवतो तिला लॉग म्हणतात. ती रोज चाळावी. पत्ता कोणालाही सांगितलेला नसतानाही तीत थोड्याच काळात वर्डप्रेस या संकेतस्थळे उभारण्याच्या तयार प्रणालीच्या प्रवेश-पानाची चौकशी करणाऱ्या विनंत्या दिसू लागतात, मग तेथे वर्डप्रेस असो वा नसो, कारण असे दरवाजे ठोठावत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात. डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि त्या प्रतीवरून सगळी माहिती कोऱ्या सर्व्हरवर परत उभी राहते की नाही, हे गरज पडण्याआधी एकदा करून पाहावे.